वयाचा रकाना

एरंडवण्यातल्या फॉर्मवर आधी नाव, मग वय.
मी चौतीस लिहितो
आणि खिडकीतला माणूस चष्म्यावरून एकदा बघतो,
जणू मी भलत्याच रांगेत घुसलोय.

मी विमा विकतो. विकायचो.
टिळक रोडला, जिन्याखालच्या टेबलावर.
वयाचा तक्ता तोंडपाठ होता:
वय कमी, हप्ता कमी.
तिशीत मरण स्वस्त असतं साहेब,
असं मी कधी म्हणालो नाही,
तक्ताच म्हणायचा.

इथला तक्ता अजून कच्चा आहे.
डॉक्टर इनामदारबाई कागदावर पेन्सिलने
एक रेघ काढतात, मग दुसरी,
तिसरी काढून खोडतात.
कुणी म्हणतं, तरुणांत लवकर परततो.
कुणी म्हणतं, वयाचं काही नाही,
गाठ किती खोल होती ते बघा.
"तुमच्या वयाचे पेशंट मोजायलाच कमी मिळतात हो."
यावर बरं वाटून घ्यावं की वाईट
ते ठरवायचं राहून गेलं.

तंबाखू? नाही.
गुटखा? नाही.
दारू? भावाच्या हळदीला, एकदा.
मग काय केलं?

डाव्या मनगटाच्या वरची कातडी काढून
अर्धी जीभ बेतली त्यांनी.
तिला सगळं जमतं, ळ तेवढा उचलत नाही.
वेळचं वेल होतं, जवळचं जवल,
आणि फळवाल्याकडे एक केळं मागावं
तर बाहेर पडतं, केलं.
काय केलं, तो विचारतो.
तेच तर.

बाकावर शेजारी चांगुणाबाई रेणुसे, वेल्ह्याकडच्या.
साठ वर्षं मिश्री लावली, लपवत नाहीत.
वय विचारलं तर म्हणतात,
पानशेत फुटलं तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते,
लिहा त्यावरनं काय ते.
आधार कार्डावर एक जानेवारी आहे,
गावातल्या निम्म्या बायकांसारखी.
"मला म्हनले, या वयात लाईट झेपायची न्हाई.
तुला?"
मला म्हणाले, या वयात सगळं झेपतं.
त्या हसल्या. त्यांचा उजवा गाल हसत नाही.

मग पदर सारून म्हणाल्या,
"मोबाइलची बत्ती लाव. आत काय दिसतंय का बघ.
सून बघत न्हाई, तिला भ्या वाटतं."
मी बघितलं.
रस्त्यात पडलेलं पाकीट उघडावं तसं, घाईने.
पांढरं काही नव्हतं. मला तरी दिसलं नाही.
"आता तू आ कर."
बराच वेळ गप्प. मग खोखो हसू,
आख्खा कॉरिडॉर वळून बघेल इतकं:
"आरं, केस उगवल्यात की तुझ्या जिभंवर!
जिभंला मिसरूड फुटलंय!"
मनगटावरचे होते ते, माझेच.
"म्हंजी तरणी हाय अजून," त्या म्हणाल्या,
आणि हसू थांबल्यावर, बत्ती विझल्यावर,
"माझं वय घे म्हनलं असतं तुला.
पर गुडघंबी घ्यावं लागतील."

नंबर पुकारला. त्या आत गेल्या.
माझ्या हातात पुढची तारीख, तीन महिन्यांनंतरची.
पहिली दोन वर्षं म्हणे डोळ्यात तेल घालून.
चौदा महिने झालेत.
चौतीस वर्षांच्या तोंडात चौदा महिन्यांची जीभ,
हिचं वय कोणत्या रकान्यात लिहू?

कर्वे रोडवर गाडी दिसली. बोटाने दाखवून अर्धा डझन घेतली.
घरी लेक चार वर्षांची. गेल्या वर्षापर्यंत
आम्ही दोघं सारखेच बोबडे,
तिची आई दोघांनाही एकदमच चिडवायची.
आता तिला आलाय.
मी पिशवीतून एक काढून पुढे केलं,
म्हटलं, घे, केलं.
तिने कमरेवर हात ठेवले,
बालवाडीच्या बाईंसारखे,
आणि एकेक अक्षर सावकाश:
"बाबा, केलं नाही.
केळं."